ज्याला वाटा नाही, तो पार्टनर कसला?

'डिलिव्हरी पार्टनर' या शब्दाला हरकत घेतली की एक उत्तर ठरलेलं असतं. शब्दच तर आहे, आणि तोही मानाचा. कालपर्यंत या माणसांना लोक 'डिलिव्हरी बॉय' म्हणत होते, पंचेचाळीस वर्षांच्या, दोन मुलांच्या बापालासुद्धा 'बॉय'. आता कंपन्या त्यांना 'पार्टनर' म्हणतात, तर तुम्हाला त्यातही खोट दिसते. हे उत्तर देणारे सगळेच काही कंपन्यांचे वकील नसतात. कामगारांविषयी मनापासून कळवळा असलेली माणसंही असं बोलतात, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा प्रतिवाद मुद्द्याला धरून करायला हवा. माझं म्हणणं असं आहे की या शब्दाने कामगाराचा मान काडीनेही वाढलेला नाही. त्याच्या आडोशाने कामगाराचे शंभर वर्षांत कमावलेले हक्क मात्र बाजूला सारले गेले आहेत, आणि आपण तो शब्द रोज उच्चारून त्या कामाला हातभार लावतो आहोत.

'पार्टनर' शब्द इंग्रजी असला तरी मराठी माणसाला तो परका नाही. पुण्यात शिकायला आलेला मुलगा 'रूम पार्टनर' शोधतो आणि खोलीचं भाडं, गॅसची टाकी, दुधाचे पैसे निम्मे-निम्मे होतात. कॅरमला समोर बसतो तो पार्टनर; त्याचा नेम चुकला तरी डाव दोघांचा जातो. तालुक्याच्या गावी दोन मित्र मिळून जेसीबी घेतात तेव्हा ते एकमेकांचे पार्टनर असतात, आणि हप्ते थकले तर बँकेचा माणूस दोघांच्याही दारात येतो. हा अर्थ लोकांनी वापरून वापरून पक्का केलेला आहे. पार्टनर म्हणजे फायद्यात वाटा असलेला, तोट्यात सोबत राहणारा आणि काही ठरवायचं झालं तर ज्याला विचारावं लागतं असा माणूस. कोशातही याहून वेगळं सापडत नाही. इंग्रजीतला हा शब्द 'पार्सनर' या जुन्या शब्दावरून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या वाटणीच्या शब्दात आहे. वाटणी हा त्याचा गाभाच आहे.

कायद्याची भाषाही लोकांच्या भाषेपासून फार लांब गेलेली नाही. आपला भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या चौथ्या कलमाचा आशय असा की, सर्वांनी मिळून किंवा सर्वांच्या वतीने काहींनी चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचं ज्यांनी आपसांत ठरवलं आहे, ते भागीदार. नवव्या कलमाप्रमाणे भागीदारांनी एकमेकांना खरा हिशेब आणि पूर्ण माहिती द्यायची असते. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर बाराव्या कलमाने प्रत्येक भागीदाराला कारभारात भाग घ्यायचा, निर्णयाआधी आपलं मत मांडायचा, धंद्याच्या वह्या उघडून बघायचा आणि त्यांची नक्कल घ्यायचा हक्क मिळतो. एकतिसावं कलम सांगतं की एरवी सगळ्यांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. तेहेतिसावं सांगतं की करारात तसा अधिकार नसेल किंवा तो सचोटीने वापरलेला नसेल, तर बहुमताच्या जोरावरही भागीदाराला बाहेर काढता येत नाही.

पाठीला चौकोनी पिशवी लावून दुचाकीवर फिरणाऱ्या माणसाला ही कलमं लावून बघा. रेटकार्ड रातोरात बदलतं, तेव्हा त्याला कुणी विचारलेलं असतं का? ग्राहकाने किती मोजले, हॉटेलकडून किती कापले आणि आपल्या हाती आलेला आकडा त्यातून कसा निघाला, हे त्याला कुठल्या वहीत दिसतं? त्याच्या भागात आणखी शेकडो जणांना जोडून घेतलं आणि त्याच्या वाटच्या ऑर्डरी कमी झाल्या, त्याला त्याची संमती होती का? आणि एके सकाळी त्याचा आयडी ब्लॉक होतो, तेव्हा सुनावणी कुणापुढे होते? तोटा मात्र त्याच्या वाट्याला पुरेपूर येतो. पेट्रोल त्याचं, टायर त्याचे, मोबाइल आणि डेटा त्याचा, हॉटेलच्या दाराशी ताटकळत गेलेला वेळ त्याचा, पावसात गाडी घसरून मोडलेला हातही त्याचाच. आपल्याकडे शेत अर्धलीने किंवा बटईने द्यायची जुनी रीत आहे. त्या व्यवहारात अन्याय पुष्कळ झाले, पण रास मोजायच्या वेळी वाटेकरी खळ्यावर उभा असायचा आणि माप त्याच्यादेखत पडायचं. ॲपवर काम करणाऱ्याला माप पडताना दिसतसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट. कंपनी कायद्याखालच्या नियमांनुसार साध्या भागीदारी फर्ममध्ये ५० हून जास्त भागीदार चालत नाहीत. आपल्याकडे लाखो 'पार्टनर' आहेत असं जाहिरातीत सांगणाऱ्या कंपनीच्या विधी विभागाला हे ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? ठाऊक असतं, आणि त्याचा पुरावा करारातच असतो.

तो पुरावा मी जवळून पाहिला आहे. आमच्या सोसायटीत बहुतेक रोज येणारे एक गृहस्थ आहेत, बीड जिल्ह्यातून पुण्यात आलेले, पस्तिशीचे. एका दुपारी ते जिन्याखाली नुसतेच बसून होते, आयडी ब्लॉक झाला होता म्हणून. पार्सल मिळालंच नाही अशी कुणा ग्राहकाची तक्रार होती. दार कुणी उघडलं, पार्सल कुणी हातात घेतलं, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं, पण सांगायचं कुणाला? चॅटमध्ये काहीही लिहिलं तरी तीच ठरीव वाक्यं उमटत होती. मी म्हटलं, तुमचा करार बघू या का? "काका, ते कधी उघडलंच नाही," ते म्हणाले. "ॲग्री दाबल्याशिवाय पुढचं पानच येत नाही ना." शोधत शोधत आम्ही तो काढला. इंग्रजीत, बारीक अक्षरात, बोटाने सरकवता सरकवता संपेना इतका लांब. सुरुवातीलाच त्यांचा उल्लेख 'डिलिव्हरी पार्टनर' असा होता. खूप खाली गेल्यावर एक कलम लागलं: या करारामुळे उभय पक्षांत भागीदारी, संयुक्त उपक्रम, मालक आणि कामगार किंवा मुखत्यारीचं कोणतंही नातं निर्माण होत नाही. मी ते मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हणजे मी पार्टनर नाही, असं त्यांनीच लिहिलंय?"

होय, त्यांनीच लिहिलं आहे. हे काही त्या एका करारापुरतं नाही. या धंद्यातल्या करारांत असलं कलम सर्रास आढळतं, इथेही आणि परदेशातही. नाव भागीदाराचं द्यायचं, भागीदारी नाकारायची, आणि त्याच वाक्यात नोकरीही नाकारायची. मग उरतं काय? असा माणूस, की जो भागीदार म्हणून नफा मागू शकत नाही आणि कामगार म्हणून किमान वेतन मागू शकत नाही. 'पार्टनर' हा शब्द निरुपद्रवी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कराराची सुरुवात आणि ते कलम शेजारी ठेवून वाचावं. हा शब्द सौजन्यापोटी आला असता, तर त्याला रद्द करणारं कलम सोबत लिहावं लागलं नसतं.

यावर भाषेची जाण असलेले काही लोक म्हणतात की शब्दांचे अर्थ बदलतच असतात, 'पार्टनर'चा बदलला तर बदलू द्या, भाषेवर पहारा बसवता येत नाही. भाषेवर पहारा बसवता येत नाही हे खरं. 'रूम पार्टनर' हा प्रयोग इंग्रज माणूस करत नाही. तो आपल्या पोरांनी घडवला, आणि मला तो आवडतो, कारण तो खोली वाटून घेणाऱ्यांनी स्वतःसाठी केला आणि त्यात वाटणीचा अर्थ शाबूत राहिला. लोकांच्या तोंडी अर्थ सरकत जाणं वेगळं आणि एका पक्षाने दुसऱ्या पक्षाचं नाव आपल्या सोयीने ठरवून ते करारात घालणं वेगळं. 'डिलिव्हरी पार्टनर' हा शब्द रस्त्यावर जन्मला नाही. रस्त्यावरची माणसं स्वतःला 'रायडर' म्हणतात, 'मी डिलिव्हरीचं काम करतो' म्हणतात. चहाच्या टपरीवर घटकाभर उभं राहून ऐकावं: ऑर्डर वाजली, आयडी उडाला, इन्सेंटिव्ह तुटला, टीएल (टीम लीडर) फोन उचलत नाही. पार्टनर शब्द त्यांच्या तोंडी येतो तो मित्राला हाक मारताना, आणि तिथे तो खरा असतो.

मानाच्या पदव्या देऊन वाटा नाकारण्याची आपल्या समाजाला तशी सवयच आहे. मुलीला घरची लक्ष्मी म्हणायचं आणि सातबाऱ्यावर नाव लागायची वेळ आली की तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवायचं, हे पिढ्यान् पिढ्या चाललं. 'लक्ष्मी' म्हटल्याने तिला एक गुंठाही मिळाला नाही. मिळाला तो कायद्याने तिला सहदायक मानलं तेव्हा, महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि सबंध देशात २००५ च्या दुरुस्तीने. हा हक्क जन्मापासूनचा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये निःसंदिग्ध केलं. सहदायकाला इंग्रजी कायद्यात जो शब्द आहे, 'कोपार्सनर', तो 'पार्टनर'चा सख्खा भाऊ, त्याच 'पार्सनर'चं दुसरं रूप. एका रूपाने मुलींना वडिलार्जित जमिनीत उभं केलं. त्याच कुळातला दुसरा शब्द आज पोकळ करून लाखो माणसांच्या पिशवीवर छापला जातो आहे, याचा मला राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

शब्दाशी प्रामाणिक राहायचं ठरवलं तर वाट असते. अमेरिकेतली स्टारबक्स ही कॉफीची कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना 'पार्टनर' म्हणते. तिने १९९१ मध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांनाही शेअर देण्याची योजना आणली, आणि ती माणसं पगारी कर्मचारीही राहिली. तेवढ्याने सगळं सुरळीत झालं असं नाही. २०२१ मध्ये बफेलो शहरातल्या तिच्या दुकानात संघटना उभी राहिली आणि पुढे ती देशभर पसरली. म्हणजे थोडाफार वाटा दिलेल्या ठिकाणीसुद्धा माणसांना कामगार म्हणून एकत्र यावंसं वाटलं. मग जिथे वाटाही नाही आणि पगारही नाही, तिथे हा शब्द कशाच्या बळावर उभा आहे?

आता सगळ्यांत वजनदार मानल्या जाणाऱ्या मुद्द्याकडे येतो. तो स्वातंत्र्याचा. हवं तेव्हा लॉगिन, हवं तेव्हा लॉगआउट, ऑर्डर नको असेल तर नाकारा, एकाच वेळी दोन कंपन्यांचं काम करा. असा माणूस कामगार कसा म्हणायचा, असं विचारलं जातं. जणू काही हा प्रश्न ॲप आल्यावर पहिल्यांदाच उभा राहिला. आपल्या न्यायालयांनी तो फार पूर्वी सोडवलेला आहे. सौराष्ट्रात ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरांवर अगरिया काम करायचे. त्यांना हजेरी नव्हती, कामाचे तास नव्हते, मदतीला स्वतःची माणसं आणायची मुभा होती, पैसे मिठाच्या वजनावर मिळायचे. कंपनी म्हणाली, हे स्वतंत्र ठेकेदार आहेत. १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते कामगार आहेत. १९७३ मध्ये सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसच्या प्रकरणात शिंप्यांचा प्रश्न आला. नगावर मजुरी, येण्याजाण्याची सक्ती नाही, एखाद्या दिवशी काम नाकारलं तरी चालायचं, कपडा घरी नेऊन शिवायची मोकळीक. न्यायालयाने पाहिलं की मशीन दुकानाचं आहे आणि शिवण पसंत पडली नाही तर परत उसवून घ्यायचा अधिकारही दुकानदाराचा आहे. शिंपी कामगार ठरले.

सिन्नर, संगमनेर आणि सोलापूरच्या विडी कामगार बायकांची गोष्ट तर याहूनही जवळची. घरच्या ओट्यावर बसून, स्वयंपाकपाणी सांभाळून, सवडीने विड्या वळायच्या. यांच्याइतकं 'फ्लेक्सिबल' काम दुसरं कुठलं? १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणाऱ्या या बायकांनाही कामगार मानलं. त्यातून सुटायला मालकांनी 'खरेदी-विक्री पद्धत' काढली. पान आणि तंबाखू बाईला 'विकायची' आणि वळलेल्या विड्या तिच्याकडून 'विकत घ्यायच्या', म्हणजे कागदावर ती व्यापारी झाली आणि कामगार उरली नाही. हातात काम तेच, छाट करून विड्या बाजूला काढणारा माणूस तोच, हप्त्याला मिळणारे पैसेही तेवढेच, बदललं फक्त बाईचं नाव. आजच्या 'पार्टनर'ची पूर्वज ती सिन्नरची 'व्यापारी' बाई आहे.

शिवाय ते स्वातंत्र्य किती, हेही बघायला हवं. लंडनमधल्या उबरच्या चालकांच्या खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ ला एकमताने जो निकाल दिला, तो मी प्रत्येक शंकेखोराला वाचायला सांगतो. न्यायालयाने कराराची भाषा बाजूला ठेवली आणि रोजच्या कामात काय घडतं ते पाहिलं. भाडं कंपनी ठरवते. अटी कंपनी ठरवते, चालकाला त्यात बोलता येत नाही. वारंवार भाडी नाकारली तर शिक्षा होते. ग्राहकांच्या रेटिंगवर चालकाचं पोट टांगलेलं असतं. प्रवाशाशी नंतर संपर्कही ठेवता येत नाही. उत्पन्न वाढवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे जास्त तास गाडी चालवणं. न्यायालयाने म्हटलं, हे कामगार आहेत, आणि ॲप सुरू करून आपल्या भागात काम घ्यायला तयार असलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे. आपल्याकडच्या रस्त्यावर यातलं काय वेगळं आहे, ते मला कुणी दाखवून द्यावं.

'बॉय' शब्दाचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो मी हलका मानत नाही. प्रौढ माणसाला 'बॉय' म्हणणं अपमानाचंच आहे आणि तो शब्द गेला हे बरंच झालं. पण गेल्यावर बदललं काय ते आपल्याच इमारतीत बघावं. किती सोसायट्यांत लिफ्टपाशी पाटी असते की डिलिव्हरीच्या लोकांनी ही लिफ्ट वापरू नये. ज्या पाटीवर आधी 'डिलिव्हरी बॉइज' होतं तिथे आता 'डिलिव्हरी पार्टनर्स' असं लिहिलेलं मी वाचलं आहे. बंदी जशीच्या तशी आहे. सातव्या मजल्यावर जिन्याने चढून आलेल्या माणसाला आपण पाणी विचारतो का, त्याला 'अहो' म्हणतो का, ऑर्डरला उशीर झाला तर चूक हॉटेलची की त्याची हे बघूनच रेटिंग देतो का, यावर त्याचा मान ठरतो.

काही जण सांगतात की या माणसांनाच 'कामगार' म्हणवून घ्यायला आवडत नाही, 'आपण कुणाचे नोकर नाही' असं ते अभिमानाने सांगतात. सांगतात, मीही ऐकलं आहे. कुणाचं नोकर नसणं ही इच्छा उमदी आहे. शेती बुडालेल्या, गाव सोडावं लागलेल्या माणसाला तेवढाच एक आधार उरलेला असतो, आणि तो हिसकावून घ्यावा असं मी कधीच म्हणणार नाही. पण 'कामगार' हा शब्द लाजिरवाणा कधीपासून झाला? या महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणीतल्या माणसांना १८८० च्या दशकात एकत्र केलं आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज जो रविवार सगळे उपभोगतात तो त्या कामगारांनी मिळवलेला आहे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष ठेवलं. मजूर आणि स्वतंत्र हे दोन शब्द त्यांनी शेजारी ठेवले, त्यात त्यांना कुठलाही विरोध दिसला नाही. मजुराचं स्वातंत्र्य त्याच्या हक्कांतून येतं, हे त्यांना ठाऊक होतं. ज्याचं रोजचं जेवण एका अनोळखी ग्राहकाच्या तक्रारीवर बंद पडू शकतं, त्याला स्वतंत्र म्हणणं हे त्याच्या अभिमानाचा गैरफायदा घेणं आहे.

नाव बदलून हक्क टाळण्याची ही युक्ती फक्त खासगी कंपन्यांची नाही, सरकारनेही ती वापरली आहे. २००५ पासून गावोगावी गरोदर बायकांची नोंद ठेवणाऱ्या, बाळंतिणीला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणाऱ्या आशाताईंना सरकार 'स्वयंसेविका' म्हणतं, आणि १९७५ पासून चालू असलेल्या अंगणवाडीतल्या सेविकेला पगार देत नाही, 'मानधन' देतं. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने या बायकांना कामगार मानावं अशी शिफारस केली. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. 'स्वयंसेविका' काय आणि 'पार्टनर' काय, दोन्ही शब्द कानाला गोड आहेत आणि दोन्ही एकच काम करतात. पगाराचा विषय ते निघूच देत नाहीत.

कायद्याने या माणसांना काय नाव दिलं आहे, हे मात्र शब्दाची बाजू घेणारे कधी सांगत नाहीत. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात 'गिग वर्कर' आणि 'प्लॅटफॉर्म वर्कर' असे शब्द आहेत. संसदेने त्यांना 'वर्कर' म्हटलं आणि कंपनीला 'ॲग्रिगेटर'. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाचा विषयही गिग कामगार हाच होता. २०२०-२१ मध्ये असे ७७ लाख लोक होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील, असा त्याचा अंदाज आहे. पण संहितेने एका हाताने 'वर्कर' हा शब्द दिला आणि दुसऱ्या हाताने त्यातला जीव काढून घेतला. मालक-कामगार या पारंपरिक नात्याच्या बाहेर काम करणारा, अशीच तिने गिग कामगाराची व्याख्या केली. त्यामुळे कंपनीने वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के, आणि तेही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपलीकडे न जाता, एका निधीत भरायचे, एवढंच बंधन आलं. किमान वेतन नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही, आयडी ब्लॉक करण्याआधी सुनावणीची सक्ती नाही. 'पार्टनर' या शब्दाने समाजाच्या मनात जी हवा तयार केली, तिच्यामुळेच अशी अर्धीमुर्धी व्याख्या फारशा विरोधाविना खपून गेली, असं माझं ठाम मत आहे.

शेवटची भीती खर्चाची दाखवली जाते. हक्क द्यायला गेलात तर धंदा बसेल, काम मिळतंय तेही जाईल. लंडनच्या निकालानंतर महिन्याभरात उबरने ब्रिटनमधल्या ७० हजारांहून जास्त चालकांना किमान वेतन, सुट्टीचा पगार आणि पेन्शन द्यायला सुरुवात केली. तिथे गाड्या अजून धावतात. पण उदाहरणासाठी एवढं लांब जायची आपल्याला गरजही नाही. मुंबईच्या मशीद बंदर आणि भात बाजारातल्या गोदामांत पाठीवर पोती वाहणारा माथाडी टोळीने काम करायचा, सकाळी एका पेढीवर आणि दुपारी दुसऱ्या. प्रत्येक व्यापारी म्हणायचा, हा माझा कामगार नाही. मालक अनेक, कामाचा वेळ ठरलेला नाही, काम येईल तसं. आज ॲपबद्दल जे जे सांगितलं जातं ते सगळं तिथे होतं. अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं संघटित केली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. व्यापारी, कामगार आणि सरकार यांचे प्रतिनिधी असलेली मंडळं आली. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पैसे द्यायचे आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवापाणी बघायचं. कोणता कामगार नेमका कोणाचा, हा वाद घालत बसायची गरजच ठेवली नाही. त्या मंडळांतही पुढे दोष शिरले, बोगस माथाड्यांचा प्रश्न झाला, हे मान्य. तरी पोती वाहणाऱ्याच्या घरात पहिल्यांदा पासबुक आलं ते त्या कायद्यामुळे.

ॲपवर तर प्रत्येक ऑर्डरची, प्रत्येक किलोमीटरची आणि प्रत्येक मिनिटाची नोंद आपोआप होते. माथाडी मंडळाच्या कारकुनाला जे खातेवहीत हाताने लिहावं लागत होतं, ते इथे आयतं आहे. दर ऑर्डरमागे लेव्ही घेणारं असं मंडळ महाराष्ट्राने काढावं. रेटकार्ड बदलण्याआधी कामगारांच्या प्रतिनिधींना विचारावं, करार मराठीत द्यावा, आयडी ब्लॉक करण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं, आणि या सगळ्या कागदांवर त्याचं नाव 'कामगार' असं लिहावं. कंपन्यांना 'पार्टनर' हाच शब्द ठेवायचा असेल तर १९३२ च्या कायद्याचं बारावं कलम त्यांच्यासाठी मोकळं आहे. त्यांनी वह्या उघडाव्यात.